‘नक्की आठवण करून देईन’ म्हणाला आणि गप्प बसला

प्रिय ताई,
मी ४७ वर्षांची, नाशिकला शाळेत शिक्षिका आहे. घरी मिस्टर आणि सासूबाई. मुलगा पुण्याला शिकतो. मे महिन्याच्या सुट्टीत त्याने माझ्या मोबाईलवर एक चॅटबॉट टाकून दिला आणि म्हणाला, “आई, लक्षात ठेवायचं सगळं ह्याला सांगत जा.” मी सांगितलं, रोज दुपारी तीन वाजता सासूबाईंना फोन करून कॅल्शियमची गोळी घ्यायला सांगायची आहे, मला आठवण कर. तो म्हणाला, “नक्की आठवण करून देईन.” तीन वाजून गेले, काहीच नाही. दुसऱ्या दिवशी जाब विचारला तर माफी मागितली आणि पुन्हा तेच आश्वासन दिलं. मग मी आठवणींचं ॲप घेतलं आणि त्यात बत्तीस गोष्टी घातल्या. आता दिवसभर टिंग-टिंग चालू असतं आणि मी न बघताच ते बोटाने बाजूला सारते. त्यातच विम्याचा वार्षिक हप्ता तारखेला भरायचा राहिला. आणि माझ्या वडिलांची तिथी चुकली. श्रावण वद्य षष्ठी. ॲपमध्ये मागच्या वर्षीची तारीख घालून ‘दरवर्षी’ असं केलं होतं. ते वाजलं तेव्हा तिथी होऊन दहा दिवस झाले होते. त्या दिवशी आईशी दोन शब्द बोलायचे असतात, तेही राहिले. मुलगा म्हणतो ॲप बदल, मिस्टर म्हणतात चॅटबॉट नीट शिकून घे. मला मात्र रात्री वाटत राहतं, मलाच काही झालंय का?
– एक वाचक, नाशिक

बाई, तुम्ही शाळेत शिकवता म्हणून मीही बाईच म्हणते. पत्रातल्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करू, कारण बाकीचं सगळं पत्र त्या भीतीनेच लिहून घेतलंय असं मला वाचताना वाटलं.

दिवसभर वर्गासमोर उभं राहून, घरच्या बत्तीस गोष्टी डोक्यात बाळगणाऱ्या बाईच्या हातून दोन-तीन गोष्टी राहिल्या, तर त्याला आजार म्हणत नाहीत. ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकायला लागली, तोच प्रश्न थोड्या वेळाने पुन्हा विचारला आणि आधी विचारल्याचं भानच नसलं, नेहमीचा पैशांचा हिशोब जमेनासा झाला, तर मात्र वेळ न घालवता डॉक्टरांना दाखवायचं. तुमच्या पत्रात यातलं काही नाही. तरीही एकदा थायरॉइड, बी-१२ आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं नेहमीचंच आहे. थायरॉइड मंदावला, झोप तुटायला लागली, पाळी जायचा काळ आला, तरी नावं आणि कामं निसटायला लागतात. या सगळ्यावर उपाय आहेत. सासूबाईंच्या गोळीसाठी जी बाई शाळेतून रोज फोन करते, तिने स्वतःच्या रक्ताच्या तपासणीसाठी एक सकाळ काढावी, ही माझी विनंती आहे.

आता तो चॅटबॉट. त्याने तुम्हाला फसवलं असं तुमच्या मनाने घेतलंय, आणि ते साहजिक आहे. कुणी “नक्की” म्हटलं की आपण त्या शब्दावर विसंबतो. पण चॅटबॉट बोलतो कसा, हे समजलं की तो राग जाईल. तुम्ही काही लिहिलं की त्याला जाग येते, तो उत्तर रचतो आणि तिथे त्याचं काम संपतं. तुम्ही मोबाईल पर्समध्ये टाकल्यावर तो तीन वाजायची वाट बघत बसलेला नसतो, कारण त्याच्यात चालतं घड्याळ नाही. माणसांच्या लिहिण्यात “मला आठवण कर” या वाक्यापुढे “हो, नक्की” असंच येतं. तो माणसांच्या लिखाणावर शिकलेला आहे, म्हणून तोही तेच लिहितो. माफीचंही तसंच. तुम्ही रागावून विचारलंत, तेव्हा अशा प्रसंगी जे लिहिलं जातं ते त्याने लिहिलं.

वेळेवर स्वतःहून बोलायचं असेल तर चॅटबॉटला वेगळी सोय जोडावी लागते. चॅटजीपीटीला ती जानेवारी २०२५ मध्ये मिळाली, तीही सुरुवातीला पैसे भरणाऱ्यांसाठी, आणि एका वेळी दहाच कामं चालू ठेवता येत होती. गूगलच्या जेमिनीत ठरल्या वेळी काम करण्याची सोय जून २०२५ मध्ये आली, तिथेही तशीच दहाची मर्यादा होती. म्हणजे मुलाने फुकटातला चॅटबॉट टाकून दिला असेल, तर बहुधा त्याच्याकडे ही सोय नव्हतीच. अडचण अशी की सोय नसली तरी “मला हे जमत नाही” असं तो दर वेळी सांगेलच याची खात्री नसते.

यात एक वेगळा प्रकार आहे, तो तुमच्या कामाचा आहे. अँड्रॉइड मोबाईलवर जेमिनीला “उद्या सकाळी सहाचा गजर लाव” म्हटलं, तर तो मोबाईलच्याच घड्याळाला निरोप देतो. आयफोनवर सिरीही तसंच करते. तिथे वाजवण्याचं काम चॅटबॉट करत नाही, घड्याळ करतं, म्हणून ते भरवशाचं आहे. ओळखायची खूण सोपी आहे. सांगून झाल्यावर घड्याळाचं ॲप उघडा. गजरांच्या यादीत तुमची वेळ दिसली, तर तो लागला. दिसली नाही, तर समोर कितीही गोड उत्तर असू दे, गजर लागलेला नाही.

आपल्याकडे आज्या पदराला गाठ मारायच्या. संध्याकाळी पदर हाताला लागला की गाठ टोचायची आणि आठवायचं की शेजारणीची परात परत करायचीय. मनाशी खूणगाठ बांधणं हा शब्द आपण अजून वापरतो. त्या गाठीला विचार करता येत नव्हता, बोलता येत नव्हतं. पण ती हाताला लागेल अशाच जागी असायची. आठवण करून देणाऱ्या वस्तूकडून मला एवढंच हवं असतं, की ती वेळेला आणि हाताशी असावी. ते काम साध्या गजराला चॅटबॉटपेक्षा चांगलं जमतं.

मग चॅटबॉट कशाला? मिस्टरांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. मागे माझ्या वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. चिठ्ठीवर थेंबांच्या दोन बाटल्या होत्या. एक पहिल्या आठवड्यात दिवसातून सहा वेळा, मग पाच, मग चार, असं उतरत जाणारी. दुसरी आपली ठरावीक. दोन थेंबांमध्ये काही मिनिटं थांबायचं, तेही होतं. आम्ही दोघी बहिणी आळीपाळीने वडिलांकडे राहणार होतो आणि प्रत्येक अदलाबदलीला गोंधळ व्हायचा. मी चिठ्ठीचा मजकूर चॅटबॉटला दिला, वडिलांचं नाव आणि दवाखान्याचा तपशील गाळून, आणि तारीखवार तक्ता मागितला. मिनिटभरात सुरेख तक्ता आला. फक्त त्यात दुसऱ्या बाटलीचे थेंबसुद्धा उतरत जाताना दाखवले होते. मी तक्ता चिठ्ठीशेजारी धरून ओळ न् ओळ ताडून पाहिला म्हणून ते दिसलं, आणि मग केमिस्टकडूनही खात्री करून घेतली. दुरुस्त केलेला तक्ता फ्रिजवर लावला, वेळा घड्याळात घातल्या, आणि पुढचा महिना सुरळीत गेला. चॅटबॉटने माझा अर्ध्या तासाचा किचकट लिहिण्याचा त्रास वाचवला हे खरं. तपासलं नसतं तर वडिलांच्या डोळ्यांत चुकीचे थेंब गेले असते, हेही तितकंच खरं.

तुमच्या बत्तीस गोष्टींसाठी मी त्याला असंच वापरेन. एका रविवारी दुपारी बसा आणि सगळी यादी त्याला जशी सुचेल तशी सांगा, अगदी बोलून. मग म्हणा, यातली रोजची वेगळी कर, महिन्याची वेगळी, वर्षाची वेगळी, आणि कुठल्या कामाला आधी काही तयारी लागते ते लिही. गाडीची पीयूसी, घरपट्टी, सासूबाईंच्या पेन्शनसाठी नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला, मुलाची फी, गॅसचा नंबर, सगळं त्याच्यापुढे ओता. यादी मांडण्यात, विसरलेलं सुचवण्यात तो खरंच हुशार आहे. हप्त्यांचे पॉलिसी नंबर, पासवर्ड, आधारचा क्रमांक मात्र त्यात घालू नका. यादी करायला त्यांची गरजच लागत नाही.

ती मांडलेली यादी हातात आली की दिसेल, बत्तीसपैकी वाजण्याच्या लायकीच्या गोष्टी सहा-सात आहेत. तुमच्या ॲपची चूक इथे झाली. गोळी आणि “वाणसामान आणायचं” या दोन्हींना एकाच आवाजाची टिंग मिळाली, आणि दिवसातून वीस वेळा टिंग झाली की हात आपोआप ती पुसायला शिकतो. मग खरी महत्त्वाचीही त्यात पुसली जाते. वाणसामानाला आवाजाची गरज नाही. त्याला स्वयंपाकघराच्या दाराला लटकवलेला कागद पुरतो, किंवा मिस्टरांच्या आणि तुमच्या मोबाईलवर एकच दिसणारी यादी. कालनिर्णयच्या चौकोनात दुधाचे खाडे मांडणं कुणाच्याही ॲपपेक्षा कमी कष्टाचं आहे, ते तसंच राहू द्या.

जे वाजलंच पाहिजे, त्यासाठी गजर वापरा. नोटिफिकेशनवर विसंबू नका. शाळेत तुम्ही मोबाईल सायलेंटवर ठेवत असणार. त्यात ॲपची टिंग मुकी होते, घड्याळाचा गजर मात्र सहसा सायलेंटवरही वाजतो. वर्गात तो नको असेल तर थरथर तेवढी ठेवा. आणखी एक बारीक गोष्ट आहे, जी मुलाला घरी आल्यावर करायला सांगा. बॅटरी वाचवण्यासाठी बरेच मोबाईल मागे चालू असलेली ॲप झोपवून टाकतात. अँड्रॉइड १४ पासून तर नव्याने घेतलेल्या बऱ्याच ॲपना अचूक वेळेला वाजायची परवानगी आपण स्वतः द्यावी लागते. तुमच्या ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन गजराची परवानगी चालू करायची आणि बॅटरीच्या बंधनातून ते ॲप वगळायचं. मग दहा मिनिटांनंतरची खोटी आठवण लावून, स्क्रीन बंद करून मोबाईल बाजूला ठेवून द्यायचा. वाजला तरच त्याच्यावर पुढचं काही सोपवायचं. तुमच्या मुलाने ॲप बदलायला सांगितलंय, पण ही परवानगी नसेल तर नवं ॲपही तितकंच उशिरा वाजेल.

सासूबाईंच्या गोळीबद्दल मला थोडं जास्त बोलायचंय. ती आठवण तुमच्या मोबाईलवर का आहे? गोळी घरात आहे, घ्यायची त्यांनी आहे, आणि वाजतंय ते शाळेत, तुमचा तास चालू असताना. तुम्ही फोन करणार, त्यांनी तो उचलायचा, मग गोळी. तीन जागी साखळी तुटू शकते. गजर त्यांच्या उशाशी हवा. साधा बटणांचा मोबाईल असला तरी त्यात रोजचा गजर लागतो आणि त्याची बॅटरीही टिकते. त्यांना मोबाईल नको असेल तर भिंतीवरच्या घड्याळापेक्षा जेवणाचं ताट जास्त उपयोगी पडेल. दुपारच्या जेवणाच्या ताटाशेजारी गोळी ठेवलेली असली, की वेळ लक्षात ठेवायची गरजच उरत नाही.

यामागे एक जुनं निरीक्षण आहे. अमेरिकेतल्या गिल्स आइनस्टाइन आणि मार्क मॅकडॅनियल या मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली पुढच्या कामांच्या आठवणीचे दोन प्रकार वेगळे केले. एक घड्याळावर अवलंबून असलेली, “तीन वाजता करायचं”. दुसरी प्रसंगावर अवलंबून असलेली, “जेवल्यावर करायचं”. प्रसंगाला बांधलेली आठवण वाढत्या वयातही बरीच टिकते, कारण तिथे मनाला सारखं वेळेकडे लक्ष ठेवावं लागत नाही. आपल्या घरांत हे न सांगता चालत आलंय. देवापुढे दिवा लावला की तुळशीला पाणी, चहा ठेवला की दुधाची पिशवी आत.

सासूबाईंना थायरॉइडचीही गोळी चालू असेल, तर एक गोष्ट डॉक्टरांकडून पक्की करून घ्या. थायरॉइडची गोळी सकाळी अनशापोटी आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी त्यानंतर किमान चार तासांनी, असं साधारण सांगतात, कारण कॅल्शियममुळे थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही. म्हणजे दुपारचं जेवण कॅल्शियमला बरोबर बसतं. गोळ्यांच्या वेळा बदलायच्या असतील तर मात्र डॉक्टरांना विचारूनच, चॅटबॉटला विचारून नाही.

आणि सात खणांची डबी आणा, कुठल्याही केमिस्टकडे मिळते. कुठलाही गजर “घ्या” एवढंच म्हणतो. घेतली की नाही, हे त्याला कळत नाही. म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत विसरून दोनदा घेतली जाण्याची भीती जास्त. मंगळवारचा खण रिकामा दिसला की संध्याकाळी घरी आल्यावर तुम्हाला न विचारता कळेल, आणि सासूबाईंनाही रोज “घेतली का, घेतली का” ऐकावं लागणार नाही. त्याचा त्यांना त्रास होत असणार. त्यांनी तो बोलून दाखवला नसेल एवढंच.

विम्याच्या हप्त्याने घाबरू नका. वार्षिक हप्त्याला तारखेनंतर ३० दिवसांची सवलतीची मुदत असते, मासिक हप्त्याला १५ दिवसांची. त्या मुदतीत असाल तर आजच भरा. मुदत उलटली असेल तर कंपनीच्या शाखेत जाऊन पॉलिसी पुन्हा चालू करून घ्या, जितकं लवकर तितकं बरं. आणि हप्ता परस्पर बँकेतून जाण्याची परवानगी देऊन टाका. दर वर्षी ठरलेली रक्कम ठरलेल्या खात्यातून जाते, तिच्यासाठी तुम्ही का जागं राहायचं? मग आठवण एकच लावायची, हप्त्याच्या चार दिवस आधी, “खात्यात पैसे आहेत का बघ”. लिहितानाही असंच लिहा. “विमा” एवढाच शब्द वाजला तर काय करायचं ते पुन्हा आठवावं लागतं. काय, कुठे, कोणाला, हे चार शब्दांत लिहिलं की हात लगेच कामाला लागतो.

आता जे मिस्टरांना आणि मुलाला वाचून दाखवावं असं मला वाटतं. तुमच्या पत्रात दोघांनीही तुम्हाला साधन सुचवलंय. बत्तीसपैकी एखादं काम मी लक्षात ठेवतो, असं कुणी म्हटल्याचं मात्र पत्रात दिसत नाही. घरात काम वाटून घेतलं जातं तेव्हाही लक्षात ठेवण्याचं काम एकाच बाईकडे उरतं. ती सांगते, मग बाकीचे करतात, आणि आपण मदत केली असं त्यांना मनापासून वाटतं. हे बदलायचं तर काम आठवणीसकट द्यावं लागतं. गाडीची पीयूसी, घरपट्टी आणि विमा मिस्टरांच्या मोबाईलवर, त्यांच्याच गजराने. सासूबाईंना रोज दुपारी फोन पुण्याहून मुलाने करावा. त्याला जेवणाची सुट्टी असतेच, आणि नातवाचा आवाज ऐकून घेतलेली गोळी त्यांना सोपी जाईल. चॅटबॉट टाकून देणाऱ्या मुलाला हे जमणार नाही असं मला वाटत नाही. सुरुवातीला त्यांच्या हातूनही एखादी गोष्ट राहील. तेव्हा तुम्ही मागून आठवण करू नका, हे कठीण आहे पण करून बघा.

राहिली तुमच्या वडिलांची तिथी, आणि पत्रात सगळ्यात जास्त दुखलेलं तेच आहे.

तुम्ही विसरला नव्हता. तुम्ही आठवणीने ती ॲपमध्ये घातली होती. चूक ‘दरवर्षी’ या शब्दात होती. ॲपचं वर्ष ३६५ दिवसांचं, आणि तिथ्यांचं साधारण ३५४ दिवसांचं. म्हणून तिथी दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे येते, आणि अधिक महिना आला की एकदम पुढे जाते. गणेश चतुर्थी २०२४ साली ७ सप्टेंबरला होती, २०२५ साली २७ ऑगस्टला, आणि २०२६ साली अधिक ज्येष्ठ असल्यामुळे १४ सप्टेंबरला. श्रावण वद्य षष्ठी २०२५ मध्ये स्वातंत्र्यदिनाच्या आगेमागे आली. तुमच्या शाळेत त्या आठवड्यात कवायत, भाषणं आणि झेंड्याची तयारी चालू असणार. कुणाचंही कॅलेंडरकडे लक्ष गेलं नसतं. चॅटबॉटला तिथी विचाराल तर तो ठामपणे एक तारीख सांगेल, आणि ती बरोबर असेलच असं नाही. अमान्त (अमावास्येला संपणारे) आणि पौर्णिमान्त (पौर्णिमेला संपणारे) अशा महिन्यांची त्याची गल्लत होते. उत्तरेकडच्या पंचांगात आपली श्रावण वद्य षष्ठी भाद्रपदात मोजतात, आणि त्याने तिथ्यांबद्दल वाचलेलं बरंचसं त्याच पद्धतीचं असू शकतं.

२०२६ चं कालनिर्णय तुमच्याकडे आलं असेल. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, गणपतीच्या आधी, श्रावण वद्य षष्ठी शोधा. श्राद्धाला दुपारची तिथी धरतात, म्हणून षष्ठी दोन दिवसांत विभागली असेल तर माहेरी जो श्राद्ध करतो, त्याला गुरुजींकडून दिवस विचारून घ्यायला सांगा. ती तारीख मोबाईलमध्ये एकदाच वाजेल अशी घाला, ‘दरवर्षी’ न करता, आणि पुढे लिहा, “सकाळी शाळेत जायच्या आधी आईला फोन”. दुसरी एक आठवण दर वर्षी १ जानेवारीला लावा, “नव्या कालनिर्णयात बाबांची तिथी बघ”. ही तारखेची आहे, त्यामुळे ती दर वर्षी बरोबर वाजेल.

आणि आईला आजच फोन करा. तिथी होऊन गेली म्हणून तुमच्याशी बाबांबद्दल बोलायला त्यांना नको वाटणार नाही.